मुलांना लोह, व्हिटॅमिन डी आणि इतर सप्लिमेंट्स देताना: बाटली उघडण्याआधीपासून कोर्स थांबवेपर्यंत

‘व्हिटॅमिनचंच तर औषध आहे, थोडं कमी-जास्त झालं तर काय बिघडतं?’ या एका समजुतीतून दोन अगदी उलट घोटाळे होतात. एका घरात मूल महिनोन्महिने लोहाचं सिरप घेतं, पण हिमोग्लोबिन जागचं हलत नाही, कारण लेबलवरचा चुकीचा आकडा धरून डोस काढलेला असतो. दुसऱ्या घरात तीन वेगवेगळ्या बाटल्यांतून रोज व्हिटॅमिन डी पोटात जात असतं आणि त्यांची बेरीज कुणी केलेलीच नसते. दोन्हीकडे औषध बरोबर असतं, काळजीही खरी असते. चुकतो तो क्रम आणि मोजमाप. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले पाच टप्पे पहिला डोस देण्याआधीचे आहेत.

## टप्पा १: का द्यायचं आहे, ते एका वाक्यात लिहा

‘नीट जेवत नाही’, ‘अंगाला काही लागत नाही’, ‘सारखी सर्दी होते’ ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणं आहेत, दुकानातून टॉनिक आणण्याची नाहीत. मूल कमी जेवतंय असं वाटत असेल तर आधी वजन-उंचीचा तक्ता पाहा. रेषा वयाप्रमाणे चढत असेल आणि मूल वेगवेगळे पदार्थ थोडे थोडे का होईना खात असेल, तर बहुतेक वेळा मल्टिव्हिटॅमिनची गरज नसते.

गरज खरोखर असते ती अशा वेळी: अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला जन्मानंतर लवकरच व्हिटॅमिन डी, रोज ४०० आय.यू. (व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक); वेळेआधी किंवा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाला लोह; प्राणिजन्य पदार्थ अजिबात न खाणाऱ्या मुलाला बी-१२; जुलाबात १० ते १४ दिवस झिंक; आतड्यात अन्न नीट न शोषणाऱ्या आजारात डॉक्टर सांगतील ते; आणि तपासणीत सिद्ध झालेली कोणतीही कमतरता. तुमचं वाक्य असं दिसायला हवं: ‘फेरिटिन कमी आहे म्हणून लोह, एका महिन्याने तपासणी.’ (फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला घटक.) असं वाक्य लिहिता येत नसेल तर इथेच थांबा.

लोहाबाबत एक गोष्ट फार वेळा राहून जाते. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, असं दरवेळी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार २ ते ५ वर्षांच्या मुलात ११, ५ ते ११ वर्षांत ११.५ आणि १२ ते १४ वर्षांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय; पण त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. थॅलेसेमिया मायनर (आई-वडिलांकडून आलेला रक्तातला सौम्य दोष) असलेल्या मुलाचं हिमोग्लोबिनही थोडं कमी असतं आणि तांबड्या पेशीही लहान दिसतात. तिथे लोहाची कमतरता नसेल तर लोहाचा काही उपयोग नाही, उलट ते शरीरात साठत जातं. म्हणून फेरिटिनबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. मूल तापातून नुकतंच उठलं असेल तर तेही सांगा, कारण संसर्गात फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं आणि कमतरता झाकली जाते.

बी-१२ची शंका असताना नुसतं फोलिक ॲसिड देऊ नका. रक्ताचं चित्र सुधारल्यासारखं दिसतं, मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालूच राहतं.

पडताळणी: केस-नखांसाठीची बायोटिनची गोळी किंवा गमी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा. जास्त बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात.

## टप्पा २: घरात चालू असलेलं सगळं एका टेबलावर मांडा

सगळं म्हणजे सगळं. ड्रॉप्स, कॅल्शियमचं सिरप, कॉड लिव्हर ऑइल, दुधात घालायची पावडर, गमी, बाळाच्या वरच्या दुधाचा डबा. एका कागदावर प्रत्येकाचं नाव लिहा आणि समोर चार रकाने काढा: व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन ए, लोह, झिंक. दिवसभरात त्या वस्तूतून जेवढं मिळतं तेवढा आकडा रकान्यात भरा आणि खाली बेरीज मारा.

पाच महिन्यांच्या एका बाळाचा कागद कसा भरतो ते पाहा. मल्टिव्हिटॅमिन ड्रॉप्समधून ४०० आय.यू. डी. कॅल्शियमच्या सिरपमध्ये सोबत असतं ते २५० आय.यू. ‘डी वेगळं द्यायला सांगितलंय’ म्हणून आणलेल्या तिसऱ्या बाटलीतून आणखी ४००. झाले १,०५०. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी रोजची वरची मर्यादा १,००० आहे, ती इथेच ओलांडली. शिवाय वरचं दूध चालू असेल तर त्यातलं डी अजून धरलेलंच नाही. व्हिटॅमिन डी घातलेलं असं दूध दिवसाला साधारण एक लिटर पिणाऱ्या बाळाला बहुधा वेगळे ड्रॉप्स लागतच नाहीत.

वरच्या मर्यादा हाताशी ठेवा. व्हिटॅमिन डी रोज: ६ ते १२ महिने १,५०० आय.यू., १ ते ३ वर्षं २,५००, ४ ते ८ वर्षं ३,०००, त्यापुढे ४,०००. ही गाठायची उद्दिष्टं नव्हेत. एक वर्षानंतर रोजची गरज ६०० आय.यू. एवढीच आहे. मुडदूस किंवा सिद्ध झालेल्या कमतरतेवर डॉक्टर यापेक्षा बराच मोठा डोस ठरावीक काळ देतात, तो त्यांच्या देखरेखीखाली.

व्हिटॅमिन एच्या बाबतीत मी जास्त कडक राहायला सांगेन. तीन वर्षांपर्यंत रेटिनॉलच्या रूपातल्या ‘ए’ची मर्यादा रोज ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे २,००० आय.यू. आहे. कॉड लिव्हर ऑइल आणि मल्टिव्हिटॅमिन एकत्र दिलं की ती सहज गाठली जाते. लसीकरणाच्या कार्डावर व्हिटॅमिन एच्या मोठ्या डोसची नोंद असेल (वर्षाच्या आत १ लाख आय.यू., एक ते पाच वर्षांत २ लाख, दर ४ ते ६ महिन्यांनी) तर ते कार्ड डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ‘ए’ असलेलं दुसरं काहीही सुरू करू नका.

सावधान: ए, डी, ई आणि के ही व्हिटॅमिन्स चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. आज जास्त गेलेलं उद्या लघवीवाटे निघून जाईल, हा हिशेब त्यांना लागू नाही.

## टप्पा ३: लेबल वाचा आणि एमएल काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घ्या. कागद-पेन घेऊनच बसा.

लोहाच्या बाटलीवर दोन आकडे असतात. एक क्षाराचा: फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस ग्लुकोनेट वगैरे. दुसरा एलिमेंटल आयर्नचा, म्हणजे त्या क्षारातल्या प्रत्यक्ष लोहाचा. डोस नेहमी दुसऱ्या आकड्यावरून ठरतो. फ्युमरेटमध्ये साधारण ३३ टक्के लोह असतं, ग्लुकोनेटमध्ये सुमारे १२ टक्केच. त्यामुळे नुसतं ‘१०० मिलिग्रॅम’ वाचून काहीच कळत नाही.

समजा, मुलाचं वजन १० किलो आहे. रक्तक्षयावर उपचार म्हणून डॉक्टरांनी किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह सांगितलं. सिरपवर लिहिलंय: ‘दर ५ एमएलमध्ये फेरस फ्युमरेट १०० मिलिग्रॅम, एलिमेंटल आयर्न ३३ मिलिग्रॅम.’ ३० ला ३३ ने भागा आणि ५ ने गुणा. उत्तर आलं साडेचार एमएल.

आता १०० हा आकडा धरून तेच गणित करा. उत्तर येतं दीड एमएल. मुलाच्या पोटात जातं फक्त १० मिलिग्रॅम लोह, हवं त्याच्या एक तृतीयांश. महिनाभराने तपासणी होते, आकडा तसाच, आणि घरात सगळे म्हणतात की ‘याला औषध लागू पडत नाही.’

याहून धोकादायक गफलत म्हणजे सिरप आणि ड्रॉप्स यांची अदलाबदल. ड्रॉप्स घट्ट असतात. एका एमएलमध्ये २५ मिलिग्रॅम लोह असलेले ड्रॉप्स असतील तर याच मुलाचा डोस १.२ एमएल होतो. सिरप संपलं म्हणून ड्रॉप्सची बाटली आणली आणि सवयीने साडेचार एमएलच पाजलं, तर ११२ मिलिग्रॅम लोह गेलं, जवळजवळ चौपट. बाटली बदलली की गणित पुन्हा करायचं. नाव तेच असलं आणि खोकं सारखंच दिसत असलं तरी.

व्हिटॅमिन डीमध्ये हाच सापळा आहे. काही ड्रॉप्समध्ये ४०० आय.यू. एका एमएलमध्ये असतात, काहींमध्ये ८०० आणि काहींमध्ये ४०० आय.यू. एका थेंबात. शेवटच्या प्रकारातलं एक एमएल पाजलं तर? एका एमएलमध्ये पंचवीस-तीस थेंब मावतात, म्हणजे दहा हजार आय.यू.च्या वर. ड्रॉपर भरून जास्त डी दिलं जाण्याच्या याच धोक्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये पालकांना आणि कंपन्यांना सावध केलं होतं. लेबलवर मायक्रोग्रॅम असतील तर ४० ने गुणा: १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० आय.यू.

आठवड्यातून एकदा घ्यायचा मोठा डोस लिहून दिला असेल तर कॅलेंडरवर ते वार आजच गोल करून ठेवा. साप्ताहिक डोस चुकून रोज दिला जाणं ही व्हिटॅमिन डीची विषबाधा होण्याची अगदी ठरलेली वाट आहे.

पडताळणी: काढलेला एमएलचा आकडा औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात दाखवा. ‘रोज एक चमचा’ असं सांगितलं असेल तर ‘म्हणजे किती एमएल?’ हे विचारूनच निघा आणि तो आकडा बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा.

## टप्पा ४: मोजायला सिरिंज आणा

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. घरातले दोन चमचे शेजारी ठेवून पाहिलं तरी कळेल, मापं सारखी नसतात. सुई नसलेली तोंडाने औषध द्यायची सिरिंज घ्या: एक एमएलपर्यंतच्या डोसला १ एमएलची, त्यापुढे ५ एमएलची. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत कधीही वापरू नका, त्यावरच्या खुणा त्याच औषधापुरत्या असतात.

## टप्पा ५: ठेवायची जागा आधी ठरवा

पहिल्या डोसच्या आधी, नंतर नव्हे. लोह मोठ्या मात्रेत लहान मुलासाठी विष आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर त्रास सुरू होऊ शकतो आणि ६० च्या वर जिवावर बेततं. मघाच्याच सिरपची १०० एमएलची भरलेली बाटली धरा. तिच्यात ६६० मिलिग्रॅम लोह आहे. दहा किलोच्या मुलाने ती संपवली तर किलोमागे ६६ होतात. मोठ्यांच्या गोळ्यांचं तर याहून कठीण. गरोदरपणात घेतल्या जाणाऱ्या गोळीत बऱ्याचदा ६० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह असतं; अशा चार गोळ्यांत हेच मूल धोक्याच्या रेषेवर येतं. म्हणून आईच्या गोळ्याही त्याच कुलपात.

जागा उंच आणि बंद हवी. स्वयंपाकघराचा ओटा, पर्स किंवा उशाजवळचं टेबल चालणार नाही. मुलांना उघडायला कठीण जाणारं झाकण हे उशीर लावतं, अडवत नाही. गमीला ‘गोळी-चॉकलेट’ म्हणू नका आणि बक्षीस म्हणून देऊ नका, कारण मग मूल ती शोधून खातं.

मुलाने बाटली किंवा गोळ्या खाल्ल्याचा संशय असेल तर: उलटी करवू नका, लक्षणांची वाट पाहू नका, उरलेली बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा. पोटातलं विष शोषून घ्यायला देतात तो कोळसा लोहाला धरत नाही, त्यामुळे घरगुती उपायात वेळ घालवू नका. आणि हे नीट लक्षात ठेवा: सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर काही तासांनी मूल बरं दिसू लागतं, खेळतंसुद्धा. हा उतार फसवा असू शकतो. यकृत आणि रक्ताभिसरणावरचा परिणाम त्यानंतर दिसतो. मूल खेळतंय म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरू नका.

## टप्पा ६: दिवसाचं वेळापत्रक लावा

लोह रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, उत्तम शोषलं जातं. सोबत आंबट फळाचा थोडा रस चालतो, क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. दूध, चहा, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधं मात्र लोहापासून दोन तास लांब ठेवा. पोट दुखत असेल तर थोडं खाऊ घालून द्या. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, पण कोर्स बंद पडायला नको.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. व्हिटॅमिन डी थोडी स्निग्धता असलेल्या जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर. एखादं अँटिबायोटिक सुरू झालं तर लोह-झिंकमध्ये किती अंतर ठेवायचं ते विचारा, काही अँटिबायोटिक्स त्यांच्यामुळे शोषलीच जात नाहीत.

साधी मांडणी: लोह सकाळी उठल्यावर, कॅल्शियम आणि डी रात्रीच्या जेवणात. मूल सकाळी उठताच दूध पितं अशा घरात लोह दुपारी, दोन खाण्यांच्या मधे बसवा. मुलाची सवय मोडण्यापेक्षा हे सोपं जातं.

## टप्पा ७: प्रत्यक्ष पाजणं

बाटली हलवा. सिरिंज भरून डोळ्यांच्या पातळीवर धरा, आतला हवेचा बुडबुडा काढा आणि खूण पुन्हा पाहा. मूल बसलेलं किंवा डोकं उंच करून कुशीत घेतलेलं हवं. आडवं झोपवून, नाक दाबून किंवा रडत असताना पाजू नका. सिरिंजचं टोक जिभेवर नको. गालाच्या आतल्या बाजूला, दाढा येतात तिथे टेकवा आणि थोडं थोडं सोडा. एक घोट गिळला की पुढचा. लोह असं मागे सोडलं की दातांवर डागही कमी पडतात. मोठ्या मुलाला स्ट्रॉने द्या, वर पाणी प्यायला सांगा आणि दात घासू द्या.

झिंकची विरघळणारी गोळी चमच्यात ठेवून त्यावर थोडं उकळून गार केलेलं पाणी किंवा अंगावरचं दूध घाला, ती आपोआप विरघळते. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी ठरलेले दिवस पूर्ण करा. पण झिंक आपल्या मनाने महिनोन्महिने चालू ठेवू नका, दीर्घकाळ जास्त झिंकने शरीरातलं तांबं कमी होतं.

इथल्या नेहमीच्या चुका: औषध दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळणं (बाळाने निम्मं दूध सोडलं की किती औषध गेलं ते कळत नाही, आणि लोह असेल तर दुधामुळे शोषणही घटतं), वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून चाटवणं (मधामुळे बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते, एक वर्षापर्यंत मध नकोच), आणि काल राहिलं म्हणून आज दुप्पट देणं. राहिलेला डोस सोडून द्या.

पडताळणी: डोस दिला की लगेच कॅलेंडरवर खूण करा. आई, बाबा आणि आजी असे तिघेही औषध देत असतील तर ही खूण नसणं म्हणजे कधीतरी डबल डोस ठरलेलाच.

## टप्पा ८: पहिले काही आठवडे काय पाहायचं

लोहाने शी काळसर-हिरवी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण डांबरासारखी चिकट काळी शी किंवा लाल रक्त दिसलं तर डॉक्टरांकडे जा. दातांवरचे डाग वरवरचे असतात, निघतात. बद्धकोष्ठता किंवा मळमळ झाली तर औषध परस्पर बंद करू नका. डोस किंवा क्षार बदलून बघता येतो, त्यासाठी डॉक्टरांना फोन करा.

व्हिटॅमिन डी घेणाऱ्या मुलाला उलट्या, खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मरगळ असं एकत्र दिसू लागलं तर औषध थांबवून त्याच दिवशी दाखवा. रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची ही लक्षणं असू शकतात. व्हिटॅमिन ए जास्त झालं तर डोकेदुखी, उलट्या, कोरडी त्वचा, केस गळणं आणि तान्ह्या बाळात टाळू फुगलेली दिसते.

## टप्पा ९: फेरतपासणी करा आणि वेळेवर थांबा

लोह नीट पोटात जात असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर लगेच महागडी बाटली आणू नका. आधी टप्पा ३ मधलं गणित पुन्हा तपासा. मग कॅलेंडरवर किती खुणा खरोखर आहेत ते मोजा. मग दूध मोजा: एक ते तीन वर्षांचं मूल दिवसाला अर्ध्या लिटरच्या बरंच वर गाईचं दूध पीत असेल तर ते जेवत नाही, आणि दुधात लोह नगण्य असतं. अशा मुलाचं दूध कमी केल्याशिवाय लोहाचा कोर्स फळत नाही. हे तिन्ही ठीक असूनही आकडा हलला नसेल तर कारण वेगळं आहे, डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतील.

वाढलं तरी तिथेच थांबू नका. हिमोग्लोबिन योग्य पातळीवर आल्यानंतर आणखी दोन-तीन महिने लोह चालू ठेवावं लागतं, कारण शरीरातला साठा तेव्हा कुठे भरत असतो. गाल लाल दिसू लागले म्हणून बंद केलेल्या कोर्सनंतर सहा महिन्यांत पुन्हा तोच रक्तक्षय घेऊन मुलं परत येतात.

तारीख आली, तपासणी झाली आणि डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं की मात्र खरोखर थांबवा. ‘चालूच राहू दे, फायदाच होईल’ म्हणून लोह किंवा मोठ्या डोसचं डी पुढे रेटू नका. मूल अजून वर्षाच्या आतलं असेल तर रोजचे ४०० आय.यू. डी वेगळे, ते सुरू राहतात. उरलेलं सिरप धाकट्या भावंडासाठी राखून ठेवू नका: बाटलीवर मार्करने लिहिलेला एमएलचा आकडा मोठ्याच्या वजनाचा आहे. बाटली औषधाच्या दुकानात विल्हेवाटीसाठी द्या, नाहीतर रिकामी करून आणि तो आकडा खोडून टाका.